दसऱ्याची ड्यूटी

सोयाबीन निघायला लागलं की मला राग येतो. या दिवसांत लोकांना खाज सुटते, डोळे चुरचुरतात, नाक वाहतं. मला तेही होतं, पण त्याआधी राग येतो. काल मेहकरला एसटीतून उतरून जानेफळच्या काळीपिवळीत बसले, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना हडंबे चालू. हडंबा म्हणजे आमच्याकडचं मळणीयंत्र. एका बाजूनं दाणे, दुसऱ्या बाजूनं कुटाराचा, म्हणजे भुशाचा, पिवळट फवारा, आणि आवाज असा की मांडीला मांडी लावून बसलेल्या बाईचं बोलणंही अर्धंच कानावर पडतं. ती बिचारी काहीतरी विचारत होती. मी "हाव, हाव" म्हणत होते आणि दात आवळून बसले होते.

खरं तर हा मोसम मला लहानपणी सगळ्यात जास्त आवडायचा. शेंगा वाळल्या की उन्हात आपोआप तडकतात, तो बारीक आवाज. कापणी झालेल्या रानात पाय टाकला की घोट्याला टोचणारे खुंट. ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या सुडीचा, म्हणजे कापलेल्या सोयाबीनच्या ढिगाचा, गरम, कोंदट वास. आई त्या सुडीला हात लावून बघायची, आत ओल राहिली आहे का म्हणून. आणि या सगळ्याच्या मधोमध नागपूर यायचं. घरात हंगाम कितीही अंगावर आलेला असो, दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं म्हणजे जायचंच. आई पांढरं लुगडं आठ दिवस आधी धुऊन ठेवायची. भाकरी, ठेचा, कांदे, पाण्याचा डबा. बाबा मेहकरच्या आगारात मेकॅनिक होते, वर्षभर रजा मागायचे नाहीत, या दिवसाची मात्र जून महिन्यातच लिहून द्यायचे. गर्दीत ते माझं मनगट धरायचे, हात नाही, मनगट, कारण हात सुटतो. परत येताना दरवर्षी एक पुस्तक घ्यायचं असा त्यांचा नेम होता. गणिताच्या कोड्यांचं पहिलं पुस्तक मला तिथल्याच एका स्टॉलवर मिळालं. मी जी काही झाले ती त्या पुस्तकापासून झाले असं मला वाटतं.

पुण्यात मात्र कुणी गाव विचारलं आणि मी बुलढाणा जिल्हा म्हटलं, की समोरच्याचा चेहरा उजळतो. "अच्छा, लोणार! म्हणून तू खगोलशास्त्रात गेलीस." मी लोणारला आठवीच्या सहलीत गेले होते. तिथलं मला एवढंच आठवतं की उतरताना चपलेचा अंगठा तुटला आणि मी उरलेला दिवस एक पाय फरपटत काढला. पण लोकांना आपली गोष्ट आधीच ठाऊक असते. आपण फक्त मान डोलवायची असते. या डोलवण्यावरच माझा राग आहे, आणि आज तो नीट सांगून टाकायचा आहे.

आधी माझं काम सांगते. फार लांब कुठेतरी एखादा प्रचंड तारा कोसळतो, किंवा दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, आणि गॅमा किरणांचा एक झोत सुटतो. काही सेकंदांचा खेळ. आपलं वातावरण हे किरण खाली येऊ देत नाही म्हणून आपण जगतो, आणि म्हणूनच ते पकडायला उपग्रहावर दुर्बीण बसवावी लागते. झोत कधी येईल, कुठून येईल, काही सांगता येत नाही. तो येऊन गेला की त्या जागी एक उजेड मागे राहतो आणि तासातासाला विझत जातो. पुरता विझायच्या आत मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या, तर उजेडाचा वर्णपट काढता येतो आणि तारा किती लांब होता ते कळतं. नाही वळल्या तर नाही कळत. तो तारा काही आपल्यासाठी दुसऱ्यांदा मरत नाही.

म्हणून आमच्या गटात बाराही महिने कुणीतरी ड्यूटीवर असतं. उपग्रहानं काही पकडलं की त्या माणसाच्या फोनवर इशारा वाजतो. त्यानं माहिती उतरवून घ्यायची, तपासायची, आणि खरं असेल तर जगभरच्या निरीक्षकांना सूचना पाठवायची. या ड्यूटीचा एक तक्ता असतो. गटाचे प्रमुख, त्यांना मी नुसतं सर म्हणते, दर वर्षी तक्ता करताना हसून म्हणतात, "आकाशाला सण नसतो." सरांचं स्वतःचं नाव तक्त्यात नसतं. दिवाळीच्या चिठ्ठ्या टाकतात. गणपतीचे दिवस समजुतीनं वाटून घेतात. दसऱ्याची चर्चा होत नाही, कारण माझ्या पहिल्याच वर्षी सर चहाच्या टेबलावर म्हणाले होते, "दसऱ्याला वैशालीला ठेवू या. तुमच्याकडे दसरा करत नाहीत ना? मला माहीत आहे." त्यात कुठलाही कुत्सितपणा नव्हता. उलट आपल्याला एवढं माहीत आहे याचं त्यांना समाधान होतं.

वर्षातला आमचा सगळ्यात मोठा दिवस. मी म्हटलं, "हो सर."

काऊन म्हटलं असेल? तो प्रश्न मी स्वतःला शंभरदा विचारला आहे. त्या टेबलावर सहा जण होते, मध्ये बिस्किटांची बशी होती, आणि "आमचाही सण असतो" एवढं म्हणायचं तर मग कुठला, कसा, म्हणजे तुम्ही कोण, हे सगळं त्या बशीशेजारी मांडावं लागलं असतं. कुणाच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघत बसावं लागलं असतं. मी बिस्कीट उचललं. त्या बिस्किटाची चव मला अजून आठवते, आणि स्वतःची चीड येते.

चार वर्षांपूर्वीचा दसरा. त्या वर्षी मी पुण्यात थांबले नाही. ड्यूटी लॅपटॉपवर करता येते, तर निदान घरून करावी, नागपूरला नाही तर नाही, जाणाऱ्यांना निरोप तरी देता येईल, म्हणून जानेफळला आले. जीप फाटकासमोर उभी होती. बाबा पुढच्या सीटवरून म्हणाले, "यंदाबी ड्यूटीच काय वं?"

"हाव बाबा."

"सरायले सांगतलं नाई काय, आपला सन हाय म्हनून?"

मी जीपचं दार नीट लागलं आहे का ते बघत राहिले. जीप गेली. मागे राहिलो मी आणि आत्या. आत्या बीबी गावाला दिलेली, हंगामाला दर वर्षी भावाकडे येते. तिचे गुडघे धरले होते, आणि हडंब्याचा आमचा नंबर नेमका दसऱ्यालाच लागला होता. नंबर सोडला की पुन्हा आठ दिवस वाट बघा, तोवर पाऊस आला तर सुडी काळी पडते. तेव्हा ती शेतावर थांबणार होती. मीही गेले, कारण घरात फोनला एक कांडी रेंज आणि शेतात बांधावरच्या बाभळीखाली तीन.

दुपारचा पाऊण वाजला असेल. हडंबा आमच्या सुडीला लागला होता, कुटार उडत होतं, मी ओढणी नाकाला बांधून भाकरीचा तुकडा मोडत होते. फोन वाजला.

इशाऱ्याबरोबर माहिती आपोआप चाळणाऱ्या प्रोग्रॅमचा शेरा होता: खोटा. आमचा उपग्रह दर फेरीत नाही, पण बऱ्याच फेऱ्यांत दक्षिण अटलांटिकवरच्या एका पट्ट्यातून जातो. तिथे विद्युतभारित कणांचं मोहोळ उठलेलं असतं. त्या पट्ट्यातून बाहेर पडल्यावर थोडा वेळ उपकरण बावचळतं आणि नसलेले स्फोट दाखवतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका खोट्या स्फोटाची सूचना आमच्या गटानं जगभर पाठवली होती आणि मग मागे घेतली होती. सरांना ते फार लागलं. तेव्हापासून नियम झाला की पट्ट्यातून बाहेर पडल्यावरचं काहीही सरांनी 'हो' म्हटल्याशिवाय बाहेर जाणार नाही. नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणत नाही.

पण मी माहिती उघडून बघितली. आमच्या दुर्बिणीच्या तोंडावर भोकाभोकांची एक जाळी आहे. लांबून येणारे किरण तिची सावली खालच्या उपकरणावर पाडतात आणि सावलीवरून ते आकाशात कुठून आले ते काढता येतं. पट्ट्यातले कण कुठूनही घुसतात, त्यांची सावली पडत नाही. माझ्या पडद्यावर सावली होती. उपकरणाच्या चारही भागांत, एकाच क्षणी, स्वच्छ. मी पुन्हा गणित केलं. तिसऱ्यांदा केलं. पडद्यावर कुटाराचा थर बसत होता, तो बाहीनं पुसत होते. सावली हलली नाही. आकाशातली जागा मिळाली. त्या क्षणी पृथ्वीवर ती जागा मला एकटीला माहीत होती. भाकरी तशीच राहिली.

आमची उपग्रहावरची दुर्बीण नेमकी तिकडे वळवायची तर विनंती चारच्या आत जायला हवी होती, म्हणजे संध्याकाळच्या फेरीत आज्ञा वर गेली असती. मी सरांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पाचव्यांदा उचलला तेव्हा दोन वाजून गेले होते.

"वैशाली, मागे कसला आवाज येतोय?"

"मळणीयंत्र आहे सर. शेतात आहे मी."

"शेतातून ड्यूटी?" ते हसले.

"इथे नेटवर्क आहे सर. स्फोट आलाय. खरा आहे. सावली स्वच्छ पडलीय, चारही भागांत..."

"प्रोग्रॅम काय म्हणतोय?"

"खोटा म्हणतोय. पण सर, मी तीनदा..."

"मग खोटाच असेल. मागचं विसरलीस का? जगभर शोभा झाली होती आपली."

"सर, चारच्या आत विनंती गेली नाही तर आज दुर्बीण वळणार नाही."

"अगं, आज दसरा आहे. घरात पाहुणे बसलेत. मी संध्याकाळी निवांत बघतो. तू पण जरा घरच्यांबरोबर बस आज."

माझ्या घरचे तेव्हा नागपूरच्या गर्दीत उभे होते. मी "बरं सर" म्हटलं आणि फोन ठेवला.

आत्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या केसांवर, भुवयांवर कुटार बसलं होतं. "काय झालं वं? असं तोंड काऊन केलं?"

"एक तारा मेला आत्या. लय लांबचा. मले दिसला. चारच्या आत साऱ्यायले सांगा लागते, मंग बाकीचे लोकं पाह्यतीन."

"मंग सांग ना."

"सरायनं हो म्हनलं पायजे."

"त्यायले दिसला काय?"

"नाई. त्यायनं पाह्यलंच नाई अजून."

आत्यानं तांब्या माझ्यापुढे ठेवला. "ज्यायनं पाह्यलंच नाई त्यायले काऊन इचारून राह्यली मंग?"

"नियम हाय आत्या."

 ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि हडंब्याखाली पोतं धरायला गेली.

जगभरच्या निरीक्षकांना पाठवायची सूचना, सोबत दुर्बिणीची विनंती, मी लिहून ठेवली होती. वेळ, आकाशातली जागा, अंदाजे तीव्रता, खाली नाव. पासवर्ड माझ्याकडे होता. बटण दाबलं की गेली. माझा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. साडेतीनला आमची सुडी संपली, हडंबा बंद झाला, ट्रॅक्टर त्याला ओढत शेजारच्या वावरात घेऊन गेला. कान एकदम सुन्न झाले. मी घड्याळाकडे बघत बसले होते. पावणेचार. चारला पाच कमी. चार.

मी बटण दाबलं नाही. कारण मला ठाऊक होतं, सरांची चूक झाली तर ती चूक असते, आणि चार दिवसांनी लोक विसरतात. माझी झाली असती तर ती माझी एकटीची राहिली नसती. जानेफळची झाली असती, शेतातून काम करणाऱ्यांची झाली असती, राखीव जागांची झाली असती, माझ्यानंतर त्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येक पोरीची झाली असती. एवढं ओझं घेऊन बोट खाली जात नाही. ज्यांचं जातं त्यांना वाटतं की ते धाडसी आहेत. त्यांच्या बोटावर काहीच ठेवलेलं नसतं, हे त्यांना कोण सांगणार?

संध्याकाळी सर विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी गटावर त्यांचा संदेश आला: स्फोट खरा आहे, अभिनंदन सर्वांचं. सूचना गेली. सरांचं नाव पहिलं, माझं पाचवं. तासाभरात दूरच्या एका देशातल्या मोठ्या दुर्बिणीवरून उत्तर आलं. काल रात्री आमच्याकडे आकाश निरभ्र होतं, दुर्बीणही मोकळी होती, सूचना कालच मिळाली असती तर बरं झालं असतं, असं त्यांनी फार सभ्य भाषेत लिहिलं होतं. आज तिथे ढग होते. आमची स्वतःची दुर्बीण वळली ती तिसऱ्या दिवशी. तिला काही दिसलं नाही. काही राहिलंच नव्हतं. पृथ्वी झाली नव्हती तेव्हापासून चालत आला असेल तो प्रकाश, किंवा त्याच्या निम्म्यानं, किंवा दुपटीनं. तेच तर आता कुणाला कळणार नाही. आमच्या यादीत त्या स्फोटापुढे अंतराच्या रकान्यात आडवी रेघ आहे. शोधनिबंधाचे तक्ते मीच करते, त्यामुळे ती रेघ दर वेळी मलाच टाइप करावी लागते.

मी पुण्यात परतले तेव्हा माझ्या टेबलावर आपट्याचं पान ठेवलेलं होतं. सर म्हणाले, "दसऱ्याचं सोनं लुटलंस तू तर." आणि मला पेढा दिला. मनापासून दिला. माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं. माझ्या प्रबंधातली एकेक ओळ त्यांनी तपासली आहे, मला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्यात डबा घेऊन आले होते. एवढ्या चांगल्या माणसानं, सण त्यांचा आणि काम माझं, ही वाटणी एकदाही तपासून पाहिली नाही. आणि मी एवढी शिकलेली, मी पेढा खाल्ला.

त्यानंतरचे तीन दसरे मी पुण्यात, रिकाम्या इमारतीत काढले. रस्त्यावर झेंडूचे ढीग, वाहनांना हार, आणि मी पडद्यासमोर. एकही स्फोट आला नाही. म्हणजे ते दिवस कुणाच्याच कामी आले नाहीत, माझ्याही नाही.

यंदा पंधरा दिवसांपूर्वी आईला फोन केला. ती जीपमधल्या जागा मोजत होती. बाबा, ती, आत्या, काका, काकू, शेजारची रमा आणि तिच्या दोन पोरी. मी ऐकत होते. आठ झाले, एक जागा उरली, ती म्हणाली, "कोनाले इचारू आता?" माझं नाव तिच्या मनात आलंच नाही. रुसून नाही, टोमणा म्हणून नाही. माझी सवयच सुटली होती तिला.

फोन ठेवल्यावर मी तक्ता उघडला. दसऱ्याच्या चौकटीत माझं नाव आधीच भरलेलं होतं, कुणी विचारलंही नव्हतं. मी ते खोडलं. शेजारी रजेच्या कारणाचा रकाना असतो, बाकीचे तिथे नुसतं 'सण' लिहितात. मी लिहिलं: अशोक विजयादशमी. दीक्षाभूमी, नागपूर. आईवडिलांसोबत.   पंधरा दिवस त्यावर कुणी काही बोललं नाही. बहुतेक कुणी बघितलंच नसेल.

आज सकाळी निघायची तयारी झाली. रानात हडंबे सुरू झाले होते. आमची सुडी ताडपत्रीखाली झाकलेली आहे. नंबर यंदाही दसऱ्यालाच आला होता, बाबांनी सोडून दिला. आत्या या वेळी पुढच्या सीटवर, गुडघ्यांना फडकं बांधून. "बस वं लवकर, ऊन होऊन राह्यलं," ती म्हणाली. मी पाय आत ठेवणार तेवढ्यात सरांचा संदेश आला.

"वैशाली, आत्ता तक्ता पाहिला. दसऱ्याला तर नेहमी तूच असतेस. मग उद्या ड्यूटी कोण घेणार?"

मी एक पाय जीपमध्ये, एक खाली, अशी उभी राहिले. उद्याच स्फोट आला तर, हा विचार माझ्याही मनात आला.  अजून एक तारा, अजून एक रेघ. मला त्या ताऱ्यांचं सरांपेक्षा कमी वाटत नाही, जास्तच वाटतं. जीपचं इंजिन चालू होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

मी लिहिलं, "तुम्ही."